वहिनीने कापलेला दोर

वहिनीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, आणि सुरू व्हायचा तो दादाला कुशीवर वळवण्यापासून. ज्याचं कमरेखालचं अंग हलत नाही अशा माणसाला एकाच बाजूवर ठेवलं तर कातडी फुटते. वहिनी एक गुडघा खाटेच्या कडेला टेकायची, एक हात त्याच्या खांद्याखाली, दुसरा कमरेखाली घालायची आणि श्वास सोडताना वळवायची. घेताना नाही, सोडताना. मी आयुष्यभर बंदरावर हमाली केली. वजनाला कसं भिडायचं ते मला कळतं. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, नात्याने मोठी. मी वहिनी म्हणतो म्हणून शेजारी वहिनी म्हणायला लागले, मग होडीचा मालक म्हणायला लागला, आणि आता बाहेरगावाहून कासवं बघायला येणारी गिऱ्हाइकंसुद्धा तेच म्हणतात. तिचं म्हणणं, "एवढे दीर असलेली बाई जगात दुसरी नसेल. आणि कामाला एक नाही."

दादा पाणबुड्या होता. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांच्या बुडाला शेवाळ, शिंपले धरतात, ते पाण्याखाली जाऊन खरवडायचं त्याचं काम. खोल गेलेल्या माणसाने वर येताना थांबत थांबत यायचं असतं. एक दिवस तो न थांबता आला. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. रक्तात बुडबुडे धरले, असं डॉक्टर म्हणाले. वहिनी त्या वेळी डबा घेऊन धक्क्यावर आली होती. त्याला पाण्यातून ओढून काढणाऱ्यांत ती होती. त्यानंतर दादा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेला तो गेलाच.

आमच्या इमारतीचा जिना अरुंद. वळणावर खुर्ची फिरत नाही. पाठीवर घेऊन उतरवता आलं असतं, आणि ते मला सहज जमलं असतं. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा दादा म्हणाला, "मी पोतं नाही." तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

म्हणून वहिनीने खालच्या खोलीचा ध्यास घेतला. तळमजल्यावर, अंगणाला लागून, नळाशेजारी. दार रुंद. उंबऱ्याला फळी टाकली की चाकाची खुर्ची थेट अंगणात, अंगणातून रस्त्यावर, आणि रस्ता सपाट समुद्रापर्यंत. तिथे एक शिंपी राहत होता. तो हंगामाच्या शेवटी मुलाकडे जाणार होता, आणि घरमालकाने वहिनीला शब्द दिला होता की अनामत आणलीस तर खोली तुझी. वहिनीने ती अनामत कासवं दाखवून जमवली. त्याला अकरा वर्षं लागली.

हे काम बघणाऱ्याला मौजेचं वाटतं. किनाऱ्यावर पत्र्याची एक शेड आहे. आदल्या दिवशीचे मास्क तिथे गोड्या पाण्यात बुडवून ठेवलेले असतात. ते पुसायचे, पट्टे ताणून बघायचे, श्वासाच्या नळ्यांची तोंडं कढत पाण्यातून काढायची. गिऱ्हाइकं आली की त्यांना जॅकेटं चढवायची आणि बक्कल स्वतःच्या हाताने लावायचं, कारण 'लावलं' म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी लावलेलं नसतं. मग मास्कच्या काचेवर आतून थुंकून चोळायला सांगायचं, म्हणजे वाफ धरत नाही. इथे लोक तोंड वाकडं करतात.

"आपलीच थुंकी आहे," वहिनी सांगते. "आवडत नसेल तर माझी देते."

मग होडीने खडकांपर्यंत जायचं. तिथे तळाला सिमेंटचा मोठा ठोकळा टाकलेला, त्याला दोर, दोराच्या वरच्या टोकाला तरंगणारा बोया. होडी त्या बोयाला बांधायची. लोक पाण्यात उतरले की त्यांना मोठी नारिंगी रिंग धरायला लावायची. चार जणांनी चार बाजूंनी. रिंगेची दोरी वहिनीच्या खांद्यावरून आडवी, आणि ती पुढे पोहत त्या चौघांना ओढते.

पाण्यात माणूस हलका होतो असं म्हणतात. ज्याने ओढलं नाही त्याने म्हणावं. माणूस आडवा पडला तर हलका. भ्यालेला माणूस पाण्यात उभा होतो, आणि उभा माणूस ओढणं म्हणजे वादळात दार उचलून चालणं. असे चार, दिवसातून तीन फेऱ्या.

ती कासवं ओळखायची. एकीच्या पाठीला कोपऱ्यात खाच, एकाचा पुढचा पाय अर्धा. तिने त्यांना नाती लावली होती. एक आत्या, एक भाचा. सगळ्यांत मोठं कासव होतं त्याला ती सासूबाई म्हणायची. गिऱ्हाइकांना सांगायची, "ही न सांगता येते, न बोलता जाते, आणि जाताना सगळं चरून जाते." मी समोर असलो की वर जोडायची, "भावजी, आईसाहेबांना काही निरोप?" आमची आई खरंच तशी होती, त्यामुळे मला राग धरता येत नसे.

नियम एकच, आणि तो ती दहा वेळा सांगायची. हात लावायचा नाही. कासव वर येत असेल तर वाट द्यायची. त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं.

मी निवृत्त होऊन दोनेक महिने झाले होते. रिकामा माणूस सगळ्यांना खुपतो. एक दिवस सकाळी वहिनी म्हणाली, "आजच्या पहिल्या फेरीत एक गिऱ्हाईक गळलंय. रिंगेचा एक कोपरा मोकळा आहे. चला."

"मला काय करायचंय पाण्याखाली?"

"जन्मभर जहाजं वरून बघितलीत. एकदा खालून बघा."

दादा खाटेवरून म्हणाला, "घेऊन जा त्याला. इथे बसून माझी खिडकी अडवतो."

त्याची खाट खिडकीला लावलेली होती. मी तिथे बसत असे हे खरं.

होडीत आम्ही असे होतो. एक नवं लग्न झालेलं जोडपं. एक साहेब, कुठल्या तरी कचेरीतला, अंगाने भरलेला. त्याची आई, जिला पाण्यात उतरायचं नव्हतं पण मुलाला एकटं सोडायचंही नव्हतं. मी, आणि होडी चालवणारा कप्तान. त्याला कप्तान म्हणतात ते थट्टेने. होडी एक, इंजिन एक, आणि तेही दोरी ओढून ओढून त्याचा खांदा उतरल्यावर सुरू होणारं. होडी बोयाला बांधली की कप्तान तोंडावर टोपी ठेवून आडवा व्हायचा.

पाण्यात उतरलो. मास्क लावून तोंड खाली घातलं आणि मी श्वास घ्यायचाच विसरलो. मग नळीतून घेतला, तर छातीतला आवाज कानात मोठा ऐकू यायला लागला. खाली गवत होतं. आमच्याच गावाखाली एवढं गवत, वाऱ्यावर हलावं तसं हलणारं, आणि मी चाळीस वर्षं त्याच्या काठावर पोती वाहिली. एक कासव गवत खात होतं. गाईसारखं, मान वाकडी करून, ओढून. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि परत खायला लागलं. मला कोणी इतक्या बेफिकिरीने कधी पाहिलं नव्हतं. मुकादमानेसुद्धा नाही.

वहिनीने बोट दाखवलं. अर्ध्या पायाचा तो भाचा. मग खाचेची आत्या. नवरीमुलीने नळी काढून नवऱ्याला काहीतरी सांगितलं, तिच्या तोंडात पाणी गेलं, वहिनीने तिला वर धरलं, परत नळी लावली. सगळं रोजचं.

एक गोष्ट आता सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बोयाचा दोर आखूड असला की लाटेवर होडी हिसके खाते. हिसक्यांनी लोकांना ओकाऱ्या होतात, आणि ओकलेलं गिऱ्हाईक पाण्यात उतरत नाही. म्हणून मागच्या हंगामात वहिनीने त्या दोराला आपल्या हाताने आणखी दोर जोडला होता. चांगला जोडला होता. दादाने खाटेवर बसून तिला पिळे कसे घालायचे ते दाखवलं होतं. पण दोर लांब झाला की ओहोटीला ढिला पडतो, आणि ढिल्या दोराची वेटोळी पाण्यात तरंगतात. म्हणून तिने मध्यावर शिशाचं वजन बांधलं, म्हणजे ढील खाली बसून राहील. होडीच्या मालकाला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, राहू दे, जुनं चाललंय ना.

ते वजन कधीतरी निसटलं होतं.

आम्ही होडीकडे परत वळलो. वहिनी पुढे, आम्ही मागे रिंगेला. मी खाली बघत होतो म्हणून मला ते तिच्याबरोबरच दिसलं. होडीच्या पुढे, बोयाच्या खाली, तळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्या बरोबर मध्ये, एक मोठी काळी वस्तू टांगल्यासारखी. मला वाटलं कोणाचं तरी टेबल पडलंय. मग त्याला पाय दिसले. दोराचा एक वेढा मानेला, दोन पुढच्या पायाला. सासूबाई. वेढ्यात फिरून फिरून तिनेच ते आवळून घेतले असणार. आणि तेवढ्यात वारा उठला होता, होडी मागे सरकली होती, आणि सगळा दोर ठोकळ्यापासून होडीपर्यंत ताणून उभा राहिला होता, मध्ये ती.

ती धडपडत नव्हती. हेच भयंकर होतं. लाटेबरोबर होडी वर गेली की तीही वर जायची, होडी खाली आली की खाली. डोळे मिटलेले.

वहिनी खाली गेली. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण तिला मी असं जाताना पाहिलं नव्हतं. तिने वेढ्यात बोटं घालायचा प्रयत्न केला. बोट शिरत नव्हतं. तिने दोन्ही पाय कासवाच्या पाठीला लावून दोर ओढला. दोराच्या दुसऱ्या टोकाला होडी होती. एक बाई एका होडीला किती ओढणार.

ती वर आली. नळी काढली आणि आम्हाला म्हणाली, "रिंग सोडायची नाही. कोणी हलायचं नाही." मग होडीकडे तोंड करून हाक मारली, "कप्तान, इंजिन." एकदाच. टोपीखालून काही उत्तर आलं नाही. साहेबांची आई मात्र वाकून बघायला लागली.

वहिनीने श्वास भरून घेतला आणि परत गेली. पोटरीला बांधलेली सुरी काढली. मग तिने वर पाहिलं. पाण्यातून वर, होडीच्या बुडाकडे. मी ते पाहिलं. नजर गेली, थांबली आणि खाली आली. आपण काय कापणार आहोत ते तिला ठाऊक होतं. वारा कुठला आहे आणि खडक कुठे आहेत तेही.

तिने कासव आणि होडी यांच्या मधला दोर कापला.

ताणलेला दोर सुटला आणि वेढे सैल पडले. तिने मानेचा काढला, पायाचे काढले, आणि त्या जनावराला पाठीमागून दोन्ही हातांनी धरून वर ढकलायला लागली. ते जनावर तिच्याहून जड असेल.

इकडे होडी निघाली.

पुढचं सगळं एकदम झालं, पण मी ते एकामागून एक सांगतो. साहेबांची आई म्हणाली, "अहो, आपण चाललो का? माझा मुलगा राहिला." कप्तान उठला. त्याने बोयाकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, आणि त्याला काही उमगेना. मग इंजिनाची दोरी ओढायला लागला. ओढली, ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. परत खोकलं. होडी आडवी होऊन खडकांकडे सरकत होती. मी आवाज ऐकला. लाकूड फुटण्याचा आवाज बंदरावर खूप ऐकलाय, खोक्यांचा. हा वेगळा होता. इंजिन नेमकं त्या वेळी सुरू झालं, आणि पंखा दगडावर फिरला.

आम्ही चौघं रिंगेला लोंबकळत होतो आणि आम्हाला ओढणारं कोणी नव्हतं. पाणी आम्हालाही तिकडेच नेत होतं. नवऱ्यामुलाने विचारलं, "काका, आता?"  साहेब पाण्यात उभे झाले होते.

मी रिंगेची दोरी खांद्यावर घेतली. माझ्या पायांना पोती ठाऊक, पाणी ठाऊक नाही. लाथा मारल्या. काही हललं नाही. परत मारल्या. मी म्हणालो, "साहेब, आडवे व्हा." ते म्हणाले, "नाही जमत." मी म्हणालो, "मग आपण सगळे होडीच्या मागे जाणार." ते आडवे झाले. तेव्हा कुठे आम्ही सरकलो. मी वहिनीच्या दिशेने ओढलं. अंतर थोडंच होतं, आणि तेवढ्यात माझ्या मांड्यांत गोळे आले. रोज तीन फेऱ्या. मला राहून राहून तेच वाटत होतं, रोज तीन फेऱ्या.

वहिनी कासवाचं डोकं पाण्याबाहेर धरून होती. ते डोकं एका बाजूला कललेलं. म्हाताऱ्या माणसासारखं, सुरकुतलेलं, टकलं.

नवरीमुलगी म्हणाली, "तुम्हीच हात लावलात." ती टोमणा मारत नव्हती. तिला जे दिसलं ते तिने म्हटलं.

"लावला," वहिनी म्हणाली.

आम्ही बघत राहिलो. काही होत नव्हतं. वहिनीचे ओठ निळे पडले होते, आणि ती कासवाचा कान असावा तिथे काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ गेल्यावर ऐकू आलं. "थांबत थांबत. घाई नाही. थांबत थांबत." मला घाम फुटला. पाण्यात घाम फुटतो हे मला त्या दिवशी कळलं.

मग सासूबाईंनी श्वास सोडला. फुस्स करून, आतून कोणीतरी भाता दाबल्यासारखा. घाण वास आला, कुजलेल्या गवताचा. डोळा उघडला. दुसरा श्वास. तिसरा. वहिनीने हात काढून घेतले. सासूबाई थोडा वेळ तशीच तरंगली, मग एक पाय मारला, मग दुसरा, ज्याला दोराचा पांढरा वळ पडला होता तो, आणि गेली. न बोलता.

दुसऱ्या एका होडीने आम्हाला उचललं. मग ती होडी खडकांपाशी गेली. साहेबांची आई तिरक्या होडीत पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. तिने विचारलं, "उतरायचं कुठे?" कप्तान गुडघाभर पाण्यात उभा राहून तुटलेलं पातं हातात धरून बघत होता.

मालक किनाऱ्यावर आला तेव्हा त्याला अर्धी बातमी कळलेली होती. तो वाईट माणूस नाही. त्याने आधी सगळ्यांना लागलं का ते विचारलं, गिऱ्हाइकांना चहा दिला, पैसे परत दिले. मग शेडच्या मागे वहिनीला म्हणाला, "दोर तुटला?"

मी मध्ये बोललो. "कुजला असेल. बंदरावर असे कितीतरी..."

"भावजी," वहिनी म्हणाली. 

"कुजला नव्हता," ती मालकाला म्हणाली. "मी कापला. आणि वाढवलेला पण मीच होता. तुम्हाला विचारलं नव्हतं. वजन निसटलं, ढील तरंगली आणि ती अडकली."

मालक म्हणाला, "वहिनी, एका कासवापायी माझी होडी घालवलीत."

"हो."

"होडीत माणसं होती."

"होती," वहिनी म्हणाली.  "म्हणून कप्तानला हाक मारली. एकदाच मारली. दोनदा मारायला हवी होती."

"मी तुम्हाला काढून टाकू का? तुम्हीच सांगा."

"काढलंत तर तुमचं बरोबर असेल. नाही काढलंत तर होडी मी नीट करून देते. सगळी."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. कुठून करणार, असं त्याला विचारायचं होतं. मला ठाऊक होतं कुठून.  मी तिला बाजूला घेतलं.

"वहिनी, खोली."

"ठाऊक आहे मला."

"नंतर थोडं थोडं देता येईल."

"होडी बंद राहिली तर देणार कशातून? आणि कप्तान काय खाणार, टोपी?"

ती हसली नाही. मीही नाही.

घरी जिना चढताना ती दोन ठिकाणी थांबली. एरवी थांबत नसे. दादाने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. होडी सुटताना पाहिली, खडकावर गेलेली पाहिली, आणि आम्ही दिसेपर्यंत त्याने काय केलं असेल ते त्याचं त्याला माहीत. चादर त्याच्या मुठीत चुरगळलेली होती. तरी त्याने विचारलं ते एवढंच, "वजन कुठल्या गाठीने बांधलं होतंस?"

वहिनीने सांगितलं.

"ती गाठ शिशावर घसरते. मी सांगायला हवं होतं."

मग ती खाली बसली आणि मालकाशी झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, "खोली शिंप्यानंतर दुसरा कोणी घेईल. आपली गेली."

दादा म्हणाला, "बरं झालं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वहिनीलाही तसंच वाटलं असावं. तिने विचारलं, "काय बरं झालं?"

"मला त्या खोलीत यायचंच नव्हतं."

 नळावर कोणाची तरी बादली भरत होती, तो आवाज तीन मजले वर येत होता.

"रस्त्यावरचं दार," दादा म्हणाला. "येणारा जाणारा आत डोकावणार. ज्यांच्याबरोबर मी पाण्यात उतरायचो तेच. बसलाय बघा, म्हणणार. इथून मला बोया दिसतो. तुझी नारिंगी रिंग दिसते. खालून काय दिसणार? नळ."

"हे आत्ता सांगता?"

"तू रोज खोलीचं बोलायचीस. इथे खुर्ची, तिथे फळी. काय बोलू मी?"

"अकरा वर्षं," वहिनी म्हणाली.

दादा चादरीच्या चुण्या सारख्या करायला लागला.

"माझं मन राखायला हे आत्ता रचलंत, की खरंच?"

"खरंच."

ती उठली, बाहेर गेली आणि जिन्यात बसली. मी खोलीत दादाजवळ उभा होतो. मला त्याला काहीतरी बोलायचं होतं, शिवी द्यायची होती. त्याचं तोंड खिडकीकडे होतं.  एका माणसाला लाज वाटली म्हणून दुसऱ्या माणसाने इतकी वर्षं माणसं ओढली, आणि दोघांनी एकमेकांना सांभाळण्यापायी हे केलं. माझ्या साध्या डोक्याला ते पेलेना. अजून पेलत नाही.

नंतरचे काही दिवस वहिनी त्याच्याशी बोलली नाही. पण पहाटे साडेचारला त्याला वळवायची, गुडघा टेकून, श्वास सोडताना. मी पलीकडच्या खोलीत झोपतो, मला खाट करकरलेली ऐकू यायची. एवढा एकच आवाज.

होडी धक्क्यावर ओढून घेतली. सुताराने फुटलेल्या फळ्या काढल्या. वहिनी रोज दुसऱ्या होडीवर जाऊन गिऱ्हाइकं ओढत होती, आणि अनामतीचे पैसे रोज थोडे थोडे सुताराकडे आणि इंजिनवाल्याकडे जात होते. बोयाला मात्र तिने दोर लावायचा नाही असं ठरवलं. साखळी. जाड कड्यांची, जी ढिली पडली तरी तरंगत नाही, सरळ तळाशी जाऊन बसते. मालक म्हणाला साखळी महाग आहे. ती म्हणाली, मी विचारलं का महाग आहे का ते.

साखळी आली त्या सकाळी ती कामावर गेल्यावर दादाने मला हाक मारली.

"साखळी ठोकळ्याला कोण जोडणार?"

"मालकाचा फिटर. आज धक्क्यावर जोडणी बघून ठेवतील, उद्या पाणबुड्या खाली जाऊन लावणार."

"कोण, तो उंच मानेचा फिटर? त्याला जोडकडीच्या खिळ्याला तार मारायची माहीत नाही. तार नसली की खिळा फिरून फिरून निघतो. मग होडी परत गेली."

"मी सांगतो त्याला."

"तुला काय कळतं? तू पोती वाहिलीस." थोडा वेळ तो स्वतःच्या पायांकडे बघत बसला. मग म्हणाला, "मला ने."

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. मी खाटेपाशी पाठ करून खाली बसलो. त्याने हात माझ्या गळ्याभोवती टाकले. उचलला, आणि तिथेच मला धक्का बसला. त्याला वजनच नव्हतं. मी ज्याच्या भीतीने कंबर बांधून बसलो होतो ते ओझं एखाद्या शाळकरी मुलाचं होतं. त्याचे पाय माझ्या मांड्यांवर आपटत होते, तेवढेच.

जिन्यात तो सतत बोलत होता. "भिंतीला घास नको. उजवीकडे. तुला उजवं कळतं का? आईला विचारायला हवं होतं, तुला एवढ्यासाठी वाढवलं का." दुसऱ्या मजल्यावरची बाई दारात आली. तिने त्याला ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली.  दादाने तोंड माझ्या मानेत खुपसलं. त्याचा श्वास गरम लागत होता आणि भरभर चालला होता.

मी म्हणालो, "परत वर जायचं का?"

"चाल."

धक्क्यावर कप्तानने एक खोकं पुढे केलं, त्यावर त्याला बसवला. फिटरने सांगितलं ते दादाने ऐकून घेतलं, मग साखळीचं टोक मांडीवर घेतलं. जोडकडी, खिळा, तार. त्याचे हात अजून पाणबुड्याचेच होते. तार तीनदा फिरवली, पिळली, टोक आत दाबलं, म्हणजे कशाला बोचणार नाही. असा एकेक जोड सावकाश केला. 

वहिनी पहिली फेरी संपवून परत आली. होडीतून उतरली, रिंग खांद्याला, केस ओले. तिने खोक्यावर बसलेला माणूस पाहिला आणि जागीच थांबली. रिंग तिच्या खांद्यावरून घसरून खाली पडली, ती तिने उचलली नाही.

"यांना इथे कोणी आणलं?" तिने मला विचारलं.

"मी आणलं."

"कसं?"

"पाठीवर."

ती दादाकडे बघत राहिली. तोही तिच्याकडे बघत राहिला, साखळी मांडीवर घेऊन. अकरा वर्षांत त्याला उन्हात कोणी पाहिलं नव्हतं. पांढराफटक दिसत होता.

"टोपी तरी घालायची," वहिनी म्हणाली. त्या सगळ्या दिवसांनंतर त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. कप्तानने आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली.

खालच्या खोलीत आता एक चांभार राहतो. दादा महिन्यातून एकदा खाली येतो, जास्त नाही, आणि येताना कटकट करतो. वहिनीच्या सगळ्या कमाईतून आलं ते असं: होडीच्या उजव्या बाजूला नव्या लाकडाच्या पाच फळ्या, पितळेचा एक पंखा, आणि ठोकळ्यापासून बोयापर्यंत जाड कड्यांची एक साखळी, जिच्या धक्क्यावर जुळवलेल्या प्रत्येक जोडाला दादाच्या हाताने मारलेली तार आहे.